बशीतला कापूस

ताहेरचाचांच्या दुकानात तीस वर्षांत कुणी काडी पेटवली नव्हती. पिंजाऱ्याचं दुकान ते. जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस, हवेत कापूस, चाचांच्या भुवयांवर कापूस. गिऱ्हाईक बिडी ओढत आलं तर त्यानं ती समोरच्या चपलेवाल्याकडे ठेवून यायची असा नियम होता. चपलेवाला ती ओढून संपवायचा. या नियमामुळे बाळापुरातल्या दोन-तीन माणसांची बिडी सुटली आणि चपलेवाल्याला खोकला लागला.

अशा दुकानात मुजम्मिलला साडेतीनशे डिग्री तापणारी सळई घेऊन बसायचं होतं.

मुजम्मिल चाचांचा मुलगा आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं नागपूरला जाऊन हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि पास झाला. परवाना आला, पण बोलायला सेट नव्हता. म्हणून त्यानं हैदराबादच्या कुठल्याशा क्लबाकडून किट मागवलं. एक हिरवी प्लेट, शंभरेक सुटे भाग आणि एक पातळ पुस्तक. एकेक भाग प्लेटवर सोल्डर करायचा, म्हणजे तापल्या सळईनं कथील वितळवून चिकटवायचा. सगळे नीट बसले की तुम्ही ब्राझीलमधल्या माणसाशी बोलू शकता.

"काय बोलतेत ते लोक?" मी विचारलं.

"हवामान."

"त्याच्यासाठी ब्राझील?"

"इथं हवामान विचारलं का माणूस शिव्या देते," मुजम्मिल म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. त्या वर्षांत आमच्याकडे आभाळाबद्दल कुणी चांगलं बोलत नसे.

मी अमरावतीला इंजिनिअरिंगला होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो, म्हणून या कामात मी जाणकार ठरलो. दोन वर्षांत मी सोल्डरची सळई एकदाच हातात धरली होती, तीही चुकीच्या टोकाला. पण हे कुणी विचारलं नाही.

दुकानच हवं होतं, कारण वीज. आमच्या घरांच्या लाइनीवर दिवसा वीज नुसती ऐकिवात होती. बाजाराच्या लाइनीवर दुपारी थोडी तरी यायची.

मुजम्मिलनं चाचांकडे परवानगी मागितली. चाचा जेवताना म्हणाले, "त्याच्यात आग हाय का?"

"आग नाई अब्बा. नुसती गरमी."

"आग बी अगोदर गरमीच असते बेटा."

शेवटी परवानगी मिळाली, पण अटींवर. टेबल दाराशी, कापसापासून लांब. मधे ओली पोती टांगायची. बाजूला वाळूची बादली. आणि पिंजणाची मशीन चालू असेल तेव्हा सळई बंद, कारण मशीन चालली की दुकानात कापसाचं धुकं होतं. म्हणजे आम्हाला मिळायचा फक्त चाचांची नमाज आणि जेवण एवढा वेळ, तोही वीज असली तर.

आम्ही जागा तयार करायला लागलो. जुनं दार तेलाच्या पिंपांवर आडवं टाकलं, वर फरशीचा तुकडा. सायकलच्या सीटखालची स्प्रिंग काढून तिचा सळईचा स्टँड केला. सायकल त्यानंतर बसायच्या लायकीची राहिली नाही. वायर कटर अमरावतीच्या इतवारा बाजारातून जुना आणला. चिमटा मुजम्मिलच्या मावशीचा, भुवयांचा. भिंग घड्याळवाल्याचं, परत करायच्या बोलीवर. सुट्या भागांसाठी मुजम्मिलच्या आईचा, हलीमाबींचा, मसाल्याचा डबा घेतला. रेझिस्टर जिऱ्याच्या वाटीत, कपॅसिटर हळदीच्या. धुतला होता, पण हळद ती हळद. पुस्तकात लिहिलं होतं की अंगातल्या विजेनं नाजूक भाग मरतात, म्हणून मुजम्मिल मनगटाला तांब्याची तार बांधून तिचं दुसरं टोक नळाला बांधायचा.

"बकरीवानी कावून बांधून घेतलं यानं?" चाचांनी मला विचारलं.

"सेफ्टी चाचा."

"पळून जाईन म्हणून?"

एक गोष्ट मिळाली नाही. सळईचं टोक अधूनमधून ओल्या स्पंजावर पुसायचं असतं. बाळापुरात स्पंज फक्त पोस्टात होता, तिकिटं ओली करायचा, आणि पोस्टमास्तर तो द्यायला तयार नव्हते. मग मुजम्मिलनं बशीत मूठभर कापूस घेतला आणि पाण्यानं ओला केला. पिंजाऱ्याच्या घरात कपाळ, कढई, कंदिलाची काच, सगळं कापसानंच पुसतात. आगीबद्दल एवढ्या अटी घालणारे चाचा त्या बशीशेजारून दहा वेळा गेले. त्यांना त्यात कापूस दिसला, म्हणजे काहीच वेगळं दिसलं नाही.

त्याच दिवसांत चाचांकडे मोठं काम आलं. अकोल्याला सामूहिक विवाह मेळावा होता. अकरा जोडपी, प्रत्येकाला भांडी, कपाट आणि गादी. फोमच्या गाद्या आल्यापासून चाचांकडे नवी गादी जवळजवळ कुणी सांगत नव्हतं. समितीतल्या बाकीच्यांनाही फोमच हवा होता. पण समितीचे अध्यक्ष खुशालराव म्हणाले, कापसाच्या मुलुखात पोरी फोमवर झोपवायच्या का, आणि अकराही गाद्या ताहेरचाचांना दिल्या. चाचांनी त्या भरताना खोळीवर एक दोरा वाकडा जाऊ दिला नाही. ह्या गाद्या अकरा गावांत जातील, अकरा घरी लोक हात लावून पाहतील, हे ते रोज बोलून दाखवत. याशिवाय त्यांना जाहिरात माहीत नव्हती.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी टेम्पो येणार होता. शेवटच्या तीन गाद्या भरायच्या राहिल्या होत्या. चाचा नमाजला गेले, मशीन थांबली, आम्ही बसलो. मुजम्मिलनं दोन डाग दिले, टोक बशीत पुसलं, आणि वीज गेली.

"आता चारले," मी म्हणालो. दुपारी गेलेली वीज चारच्या आधी कधी आलेली नव्हती.

मुजम्मिलनं सळई तशीच बशीवर आडवी ठेवली, टोक कापसात. बटण बंद केलं नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात वीज गेली म्हणून कुणीच बटण बंद करत नसे. बंद केलं तर वीज आली हे कळणार कसं? दिवा, पंखा, टीव्ही, सगळं चालूच ठेवायचं आणि उजेड पडला की पळत यायचं. आम्ही वेशीबाहेर, घरांच्या लाइनीवरच्या रसवंतीवर गेलो. रस प्यालो. चरकाचं चाक हातानं फिरत होतं, म्हणून वेळ लागला, आणि मग गप्पांत तास-दीड तास गेला.

तिथंच डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

"हे काय?" मी म्हणालो.

"मंत्री येऊन राहिले अकोल्याले," रसवाला म्हणाला. "आज लोडशेडिंग नाई म्हणतेत. जिल्ह्यात कुठीच नाई. बाजारात तं घंटाभर झाला लाइन येऊन."

मुजम्मिलनं ग्लास खाली ठेवला. तो धावला, म्हणून मीही धावलो.

दुकानात मशीन चालू होती. टेम्पो आताच गेला होता, रस्त्यावर धूळ तरंगत होती. चाचा खाटेवर बसून पाणी पीत होते, खुशीत होते. टेबलावर सळई होती. तिच्या टोकाला बोट लावायची गरज नव्हती. वरची हवा थरथरत होती. बशी रिकामी होती.

मुजम्मिलनं बटण बंद केलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून त्यानं विचारलं, "अब्बा, बशीतला कापूस?"

"तुमच्या त्या सळईखालून काढला. तुमी नाई म्हणजे सळई बंदच. कमी पडला होता थोडा." चाचांनी तांब्या ठेवला. "वाळला होता मस्त. कामी लागला."

"जळाल्याचा वास नाई आला?"

"मले?" चाचा हसले. तीस वर्षं कापसाची धूळ ओढलेल्या नाकाला अत्तरही कळत नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मुजम्मिलकडे पाहिलं. गादीत दाबलेला कापूस पेटत नाही. पेटला तर बरं, दिसतो तरी. कापूस आत धुमसतो. एवढासा इंगळ गादीच्या पोटात तासन् तास चालत राहतो, वर फुलांची खोळ तशीच छान असते. मग कुणीतरी तिच्यावर झोपतं.

"सांग ना," मी हळूच म्हणालो.

"काय सांगू? पुन्हा दुकानात उभं करतीन का मले?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता, अर्धा कापसानं. "अन् खुशालरावले कळलं तं यांचं काम गेलं. पिंजाऱ्याच्या गादीत आग. सारा जिल्हा सांगीन."

"अन् नाई सांगतलं तं?"

तो लुना काढायला गेला होता.

बाळापूर ते अकोला रस्त्यावर आम्ही धूर शोधत निघालो. व्याळा गावाच्या अलीकडे टेम्पो दिसला. उघडा टेम्पो, उन्हात तापलेला, वर अकरा गाद्यांची थप्पी आणि थप्पीवर क्लीनर आडवा झोपून बिडी ओढत होता. वारा सगळा गाद्यांना लागत होता. मुजम्मिल ओरडला, "थांबवा, गादी!" क्लीनरनं आमच्याकडे पाहिलं, गादी थोपटून दाखवली आणि मस्त आहे अशी बोटांनी खूण केली. लुनाचा जोर तिथं संपला. टेम्पो पुढे गेला आणि आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्या मागं जात राहिलो.

अकोल्याच्या शाळेत मांडव होता. सनई कॅसेटवर चालू होती. भेटवस्तू सातवी ब च्या वर्गात ठेवल्या होत्या आणि दारात खुशालराव उभे होते, पांढरा सदरा, हातात मोबाइल.

"मंत्री आल्याबिगर कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "तुमी कोण?"

"ताहेर पिंजाऱ्याचा मुलगा. एका गादीचा टाका राह्यला म्हणून अब्बानं धाडलं."

"कोणत्या?"

"तेच पाहाचं हाय."

खुशालरावांनी घड्याळ पाहिलं. "झटकन करा. अन् फळ्यावर लिहू नका काही."

दार लोटून घेतलं. अकरा गाद्या, एकाच फुलाच्या. मी हात लावून पाहिला. सगळ्या गरम. वैशाखातल्या उघड्या टेम्पोतून आलेली गादी गरमच असणार. त्यात जास्त गरम कोणती, हे सांगायला आम्हाला दुसरा जन्म लागला असता. मुजम्मिलनं पहिली खाली ओढली, गुडघा दाबला आणि टाक्यांतून जी हवा बाहेर आली तिला नाक लावलं. मीही तसंच केलं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोन जवान पोरं नवरीच्या गादीचा वास घेताना दिसली असती.

दुसरी. तिसरी. तिसरीला बिडीचा वास, पण तो वरून. चौथीला काही नाही. खिडकीत दोन लहान पोरं येऊन उभी राहिली, बघितलं, आणि आईला सांगायला गेली.

सातवीवर मुजम्मिल थांबला. त्यानं गाल लावला, पुन्हा गुडघा दाबला. मी वाकलो. कपड्यावर इस्त्री विसरल्यावर येतो तो वास.

"ब्लेड," तो म्हणाला. ब्लेड नव्हतं. त्यानं दातांनी टाका तोडला आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. आतला कापूस आधी पांढरा आला, मग बदामी, मग काळा. हवा लागली तसा काळ्याच्या मधे लाल ठिपका उघडला. त्यानं तो मुठीत धरला. ओरडला नाही, फक्त तोंडातून हवा गेली. तसाच धावत व्हरांड्यात गेला आणि पाहुण्यांच्या प्यायच्या पाण्याच्या रांजणात मूठ बुडवली.

चर्र झालं. सनई चालूच होती. रांजणापाशी ग्लास घेऊन उभा असलेला म्हातारा म्हणाला, "मी आता काय पेऊ?"

खुशालराव आले. त्यांनी रांजण पाहिला, मुजम्मिलचा तळहात पाहिला, मग वर्गात जाऊन फाटलेली गादी पाहिली. मला वाटलं, झालं, निदान आग तरी सापडली.

मुजम्मिलनं दुसऱ्या हातानं तो ओला काळा कापूस पाहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"श्याम, हा चिमूटभर हाय."

"मंग?"

"बशीत मूठभर होता." तो थांबला. "अब्बा असा मागून घेतलेला कापूस एका जागी नाई भरत. गाठ होते. चिमटीचिमटीनं पसरवते. शेवटच्या तिन्ही गाद्यात गेला असीन."

"कोणत्या तीन?" खुशालरावांनी विचारलं.

ते एकाच माणसाला माहीत होतं.

खुशालरावांनी मोबाइल पुढे केला. मुजम्मिलनं चपलेवाल्याच्या दुकानाचा नंबर लावला, अब्बाला बोलवा म्हणाला. आम्ही तिघं उभे राहिलो. फोनमधून खोकला ऐकू आला, मग चपला, मग चाचा.

"अब्बा," मुजम्मिल म्हणाला. खुशालराव त्याच्याकडे बघत होते. "अब्बा, सळईचं बटण चालू होतं. लाइन आली. बशीतल्या कापसात इंगळ होता. एक भेटला. बाकीचे कोणत्या गाद्यात?"

लाइन गेली का म्हणून मुजम्मिलनं फोन कानापासून काढून पाहिला.

"खुशालरावले दे," चाचांचा आवाज आला.

खुशालरावांनी फोन घेतला. ते ऐकत राहिले, मधेच म्हणाले, "सगळ्या? ताहेरभाई, मंत्री सहाले येऊन राहिले." पुन्हा ऐकलं. "तुमाले नक्की आठवत नाई?" मग फोन बंद केला आणि आमच्याकडे वळले.

"उघडा. अकराच्या अकरा. तो म्हणते, मी कोणाच्या पोरीवर अंदाजानं खेळत नाई."

बाकी समिती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. फोमवाल्या गटाला तो दिवस फार आवडला. खुशालरावांनी त्यांच्यासमोर स्वतः पहिला टाका उसवला.

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून कापूस पसरला. गाद्या उसवताना नवऱ्यांचे काका, नवऱ्यांच्या मावश्या, सगळे येऊन वाकून पाहायला लागले. एका मावशीनं कापूस बोटात धरून ओढला आणि आपल्या नवऱ्याला म्हणाली, "आपला असाच होता." त्यानं फक्त मान हलवली. त्या वर्षीचा त्यांचा कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत कसा पिवळा पडला, ते त्यांनाच माहीत.

नवव्या गादीत एक चिमूट सापडली, विझलेली, राख झालेली. दहावीत एक जिवंत. तिच्याभोवती वाटीएवढी काळी पोकळी झाली होती. मुजम्मिलनं ती शाळेच्या अंगणातल्या वाळूत दाबली. या दहावीवर रात्री कोण झोपणार होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. मी विचारायलाही गेलो नाही.

चाचा एसटीनं आले. खांद्याला पिशवी, पिशवीत सुया आणि दोऱ्याची गुंडी. त्यांनी मुजम्मिलकडे पाहिलं नाही. आधी प्रत्येक ढिगात हात घातला, अगदी तळापर्यंत, डोळे मिटून. मग खोळी पुन्हा भरायला घेतल्या. नवऱ्यांच्या मावश्या आपोआप खोळीची तोंडं धरायला बसल्या. जाताजाता चाचांनी मुजम्मिलचा उजवा हात उलटा केला, तळवा पाहिला आणि सुई त्याच्या डाव्या हातात दिली.

"शिव."

"अब्बा, डाव्या हातानं टाका वाकडा जातो."

"जाऊ दे."

एक नवरीचा बाप जवळ आला. "आता आग नाई, हे कोण सांगीन?" तो म्हणाला. भांडायच्या आवाजात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

चाचांनी सुई खोवून ठेवली. शिवून झालेली पहिली गादी व्हरांड्यात पसरली, टोपी नीट केली आणि तिच्यावर आडवे झाले. गाल गादीला लावला, एक हात पसरला आणि पडून राहिले. लोक बघत राहिले. बऱ्याच वेळानं उठले, गादी गुंडाळून त्या बापाकडे दिली आणि दुसरी पसरली.

असं चाललं असतानाच बाहेर गाड्या थांबल्या. मंत्री आले. त्यांच्यापुढे पोलीस, मागे फोटोवाले. फाटकातून आत येताच त्यांना दिसलं ते असं की शाळेच्या व्हरांड्यात एक म्हातारा गादीवर पडून आहे, भोवती कापसाचे ढीग आहेत आणि शंभर-दीडशे माणसं गप्प उभी आहेत. त्या उन्हाळ्यात मंत्र्यांनी अशी दृश्यं बरीच पाहिली असावीत. ते थेट व्हरांड्याकडे वळले. खुशालराव काहीतरी सांगायला पुढे झाले, त्यांना पोलिसांनी बाजूला केलं.

मंत्री गुडघ्यावर बसले. "बाबा, किती दिवस झाले उपोषणाला?"

चाचांनी डोळे उघडले. "दुपारी जेवलो."

"मागणी काय आहे तुमची?"

"मागणी नाई साहेब. आत आग हाय का ते पाहून राह्यलो."

मंत्र्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि मागच्या माणसाला हे लिहून घ्यायला सांगितलं. फोटो निघाले. मग त्यांनी चाचांचा हात हातात घेतला.

"आपण मार्ग काढू," ते म्हणाले.

"थोडं थांबा लागीन," चाचा म्हणाले. "अजून सहा राहिल्या."

लग्नं लागली. अक्षता पडत होत्या तेव्हाही चाचा व्हरांड्यात कूस बदलून आठवीवर आले होते. दोन घरच्यांनी गादी घेतली नाही, आम्ही आमची घेऊ म्हणाले. चाचांनी त्यांना एक शब्द विचारला नाही, त्या दोन बाजूला ठेवल्या. मुजम्मिल शेवटच्या खोळीवर डाव्या हातानं टाके घालत होता. ते खरोखरच वाकडे जात होते.

कौशल्या नावाच्या एका नवरीची आई चाचांजवळ येऊन उभी राहिली. तिच्या वाट्याला दहावी आली होती, आतून काळी झालेली. काळा भाग काढून तिथं नवा कापूस भरला होता. चाचा तिच्यावरच पडले होते.

"झाली का?" तिनं विचारलं.

"नाई बाई. ही आणखी जरा पाहू द्या."

"घाई नाई," ती म्हणाली, आणि गादीच्या कडेला जमिनीवर बसली.